भेटीची नोंद आणि घटनेची नोंद

शाळेचे शेरेबुक आणि शिक्षकाची दैनंदिनी ह्यांतील भेद शिक्षकबंधुभगिनींस सांगावयास नको. कोण आले व केव्हा आले, एवढे शेरेबुकावरून कळते. वर्गात काय घडले, ते दैनंदिनीतच सापडते. वर्गासाठी सरावाचे लहानसे वेब अ‍ॅप जे स्वतः तयार करीत आहेत, त्यांनाही ह्याच दोन तऱ्हेच्या नोंदी ठेवता येतात.

प्रथम भेटीची नोंद पाहू. अ‍ॅपचे पान मोबाइलवर पहिल्यांदा उघडते, तेव्हा त्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये एक क्रमांक ठेवला जातो. ह्यालाच कुकी म्हणतात. पुढे तोच क्रमांक दिसला की तोच पाहुणा पुन्हा आला, असे यंत्र समजते. सबब येथे पाहुणा म्हणजे मूल नव्हे, तर ब्राउझर होय. वडील शेतातून परतल्यावर त्यांच्या एकाच मोबाइलवर तीन भावंडांनी गणिते सोडविली, तर पाहुणा एकच; आणि एकाच मुलाने शाळेत गुरुजींचा व घरी आईचा मोबाइल वापरला, तर पाहुणे दोन. माकणीच्या धरणावरील पट्टी तेरणेच्या पाण्याची पातळी दाखविते. ते पाणी कोणाच्या शेतात गेले, हे तिला कसे ठाऊक असणार?

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका शाळेच्या अ‍ॅपवर महिन्यात अकराच पाहुणे दिसले, पट चौतीसचा. मी तडक खुलासा मागविला. शिक्षकांनी उत्तरादाखल वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. वस्तीवरील मुले सायंकाळी एका घरी जमत व एका मोबाइलवर आळीपाळीने उदाहरणे सोडवीत. खुलाशाचे पत्र मी मुकाट्याने परत घेतले.

ह्यावर उपाय घटनेच्या नोंदीचा. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या 'दीक्षा' ह्या व्यासपीठाची रचनाच अशी आहे की, पाठ उघडला, पान दिसले, कळ दाबली, प्रश्न सोडविला, पाठ संपला, ह्या प्रत्येकाची वेळेसह स्वतंत्र नोंद होते.

आपल्या अ‍ॅपसाठी गूगल अ‍ॅनालिटिक्सचा मापन-संकेत प्रत्येक पानाच्या शीर्षभागात घातला, की पान उघडल्याची नोंद आपोआप होऊ लागते. (जुन्या लेखांतील संकेत उतरवून घेऊ नयेत, ती जुनी पद्धत १ जुलै २०२३ पासून बंद झाली आहे.) 'उत्तर तपासले' ह्यासारखी घटना मात्र आपणच नाव देऊन पाठवावी लागते. तिच्यासोबत पाठाचा क्रमांक, उदाहरणाचा क्रमांक आणि बरोबर की चूक, एवढेच जोडावे. कळ दाबताक्षणी नव्हे, तर उत्तर तपासून झाल्यावरच ती पाठवावी. अन्यथा उतावळ्या बोटाचे तीन स्पर्श तीन उत्तरे ठरतात. जेथे नेटवर्क वारंवार जाते, तेथे नोंद आधी मोबाइलमध्येच साठवून मागाहून पाठविण्याची तजवीज अ‍ॅपमध्येच करावी.

मुलाचे नाव, विद्यार्थी क्रमांक वा पालकांचा दूरध्वनी ह्या नोंदींत कदापि घालू नये. गूगलच्या अटींतही त्यास मज्जाव आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई करतो. २०२५ च्या नियमांनी शिक्षणसंस्थांना सवलत दिली आहे, पण ती शैक्षणिक कार्य व मुलांची सुरक्षितता ह्यांपुरतीच.

उपरोक्त शाळेच्या शिक्षकांनी नंतर 'उत्तर तपासले' ही घटना जोडली. पाहुण्यांची संख्या फारशी वाढली नाही. पण वजाबाकीच्या पाठातील तिसऱ्या उदाहरणाशी चुका एकवटलेल्या दिसल्या. उदाहरण होते ४०३ वजा १२७. दशकाच्या घरात शून्य, मग उसना कोठून घ्यावा, येथे मुले अडत होती. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मोबाइल बाजूला ठेवला व शंभराचा गठ्ठा सोडून दहा-दहा काड्यांच्या जुड्या मुलांकडून बांधून घेतल्या.