वानराच्या पोटातील जिवाणू

गुंजवण्याहून राजगड चढताना चोर दरवाजाच्या अलीकडे आम्ही दम खात बसलो होतो. झाडीत वानरे होती. बरोबरच्या अकरावीतील एका मुलीने विचारले, "सर, या वानरांनी जन्मात कधी गोळी घेतलेली नाही. मग त्यांच्या पोटातले सगळे जिवाणू प्रतिजैविकांनी लगेच मरतील ना?"

प्रश्न मार्मिक आहे. औषधांच्या गैरवापरामुळे जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात, असे आपण वर्गात शिकवतो. ते खरे, पण अर्धेच. काही जिवाणूंचा प्रतिरोध उपजतच असतो. पिंपरीच्या कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन १९५५ साली सुरू झाले. त्याच्या १५ वर्षे आधी, रुग्णालयांत पेनिसिलिन रूढ होण्यापूर्वीच, अब्राहम आणि चेन यांना ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूत पेनिसिलिन निकामी करणारे विकर सापडले होते! यात तसे नवल नाही. बरीचशी प्रतिजैविके मुळात मातीतील सूक्ष्मजीवांनीच बनवलेली आहेत आणि जिवाणूंचा त्यांच्याशी सामना माणसाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

हा प्रतिरोध येतो कसा? क्लेबसिएला हा जिवाणू अँपिसिलिनचा रेणू विकराने फोडतो. एंटेरोकॉकसची तऱ्हा वेगळी. सेफॅलोस्पोरिन गटाची औषधे पेशीभित्तिका बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटून ते काम बंद पाडतात. एंटेरोकॉकसकडे असे एक प्रथिन आहे, की ज्याला ही औषधे नीट चिकटतच नाहीत, त्यामुळे बांधकाम चालू राहते. कोलिस्टिनचा रेणू धनभारित असतो. तो जिवाणूच्या ऋणभारित बाह्यपटलाला चिकटून ते फाडतो. प्रोटियसने त्या पटलावर एक धनभारित शर्करा बसवून ऋणभार झाकून टाकलेला असतो. आणि व्हँकोमायसिनचा रेणू इतका मोठा, की ई. कोलायच्या बाह्यपटलातील छिद्रांतून तो आतच शिरत नाही. (हे सांगताना चोर दरवाजाची अरुंद वाट समोर होती, त्यामुळे माझे काम सोपे झाले.)

असे उपजत गुण त्या त्या जातीचे असतात. याउलट मिळवलेला प्रतिरोध जातीतील काही वाणांतच दिसतो. त्याची जनुके पुष्कळदा प्लास्मिडांवर असतात आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. औषधांच्या वारेमाप वापराने फोफावतो तो हा. तेव्हा वानराच्या पोटात क्लेबसिएला असेल, तर तो अँपिसिलिनला पुरून उरेल, ई. कोलाय मात्र बहुधा मरेल.

संशोधक विद्यार्थी असताना क्लेबसिएलाच्या एका प्लेटवर अँपिसिलिनच्या चकतीभोवती मला स्वच्छ वर्तुळ दिसले. मी हरखलो. मार्गदर्शकांनी प्लेटकडे न बघताच सांगितले, "आधी नाव तपासा." चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, तो ई. कोलाय होता.

रुग्णालयात मात्र ही चूक महागात पडते. निरोगी माणसाच्या आतड्यात हे जिवाणू निमूट राहतात. पण प्रतिकारशक्ती खालावली किंवा मूत्रमार्गात नळी घातलेली असली, की तेच संधी साधून आजार घडवतात. अशा रुग्णाला दीर्घकाळ सेफॅलोस्पोरिन दिले, तर आतड्यातील अनेक संवेदनशील जिवाणू मरतात आणि मोकळ्या जागेत एंटेरोकॉकस माजतो. पुढे त्याचा संसर्ग रक्तात किंवा मूत्रमार्गात झाला, तर त्याच गटातले आणखी महागडे औषध देऊनही ताप उतरत नाही. म्हणून अशा रुग्णाच्या अहवालात औषधांची यादी वाचण्यापूर्वी डॉक्टर जिवाणूचे नाव पाहतात.