सलाईनमधली साखर स्नायू वाचवते का?

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नव्हे. पण काही वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू सेप्सिसमुळे अतिदक्षता विभागात होते. दंड पाहता पाहता काडीसारखे झाले. आम्ही डॉक्टरांना विचारलं, "ग्लुकोज चालू आहे ना? मग शरीर का झडतंय?" त्या प्रश्नामागे लागून जे समजलं, ते आज मांडतो.

आधी साधा उपवास घेऊ. यकृतातला साखरेचा साठा दिवसभरात संपत येतो. मेंदूला तर ग्लुकोज हवं. मग स्नायूंतली प्रथिनं मोडून अमिनो आम्लं निघतात आणि यकृत त्यांचं ग्लुकोज करतं. काही दिवसांत शरीर शहाणं होतं. चरबीपासून कीटोन बनतात, मेंदू त्यांवर भागवतो आणि स्नायूंची मोड मंदावते. अशा उपाशी माणसाला रोज १०० ग्रॅम ग्लुकोज दिलं, तर प्रथिनांची नासाडी जवळजवळ निम्म्यावर येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, तराफ्यावर अडकलेल्यांना कोणता शिधा द्यावा हे शोधताना गॅम्बल यांनी हे दाखवलं.

सेप्सिसमध्ये हा हिशेब बिघडतो. जंतुसंसर्गाला शरीर इतका बेताल प्रतिसाद देतं, की स्वतःचेच अवयव धोक्यात येतात. कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन, ॲड्रेनलिन वाढतात. इन्सुलिनला कुणी जुमानत नाही. स्नायू ॲलनिन आणि ग्लुटामाइन सोडत राहतात. ॲलनिनपासून यकृत ग्लुकोज करतं, आणि बाहेरून साखर दिली तरी ही भट्टी पुरती विझत नाही. शिवाय संसर्गाशी लढण्याची प्रथिनं घडवायलाही अमिनो आम्लंच लागतात. म्हणजे इथे मागणी नुसत्या इंधनाची नाही, मालाचीही आहे.

मग साखर वाढवावी का? १९७० च्या दशकात तसंही झालं. पण शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण ४ ते ५ मिलिग्रॅमच ग्लुकोज जाळू शकतं. ६० किलोच्या माणसाला दिवसाकाठी सुमारे ३५० ते ४३० ग्रॅम. त्यावरच्या साखरेची यकृतात चरबी होते, कार्बन डायॉक्साइड वाढतो, आणि तो बाहेर टाकण्याचं ओझं थकलेल्या फुप्फुसांवर पडतं.

दुसरा पर्याय चरबीचा. स्वीडनच्या व्रेटलिंड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सोयाबीन तेलाचं, शिरेतून देता येणारं दुधाळ द्रावण आणलं. सेप्सिसमध्येही शरीर चरबी जाळतं. पण मेदाम्लांचं ग्लुकोज होत नाही; होतं ते फक्त ग्लिसरॉलचं, तेही थोडं. म्हणून नुसत्या चरबीने अमिनो आम्लांची मोड थांबत नाही. साखर आणि चरबी बेताने मिसळून, सोबत प्रथिनं द्यावी लागतात.

आणि घाई नको. बेल्जियममधल्या २०११ च्या मोठ्या चाचणीत, शिरेतलं पूरक पोषण आठवडाभराने सुरू केलेले अतिदक्षता विभागातले रुग्ण लगेच सुरू केलेल्यांपेक्षा लवकर सावरले.

आमच्या तर्कशास्त्रात आवश्यक आणि पुरेसं यांत फरक करतात. ऊर्जा आवश्यक आहे, पुरेशी नाही. स्नायू मोडतात ते केवळ उपासमारीने नव्हे, तर संसर्गाने सोडलेल्या हुकमामुळे. तो हुकूम संसर्ग आटोक्यात आला तरच मागे घेतला जातो. बंधू घरी आले. पण जिना चढायला त्यांना सहा महिने लागले. आम्ही विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता, अपुरा होता.