पूर ओसरल्यानंतरचा रोख रुपया

वैनगंगा मध्यप्रदेशांतील शिवनी जिल्ह्यांत उगम पावते, भंडारा जिल्हा ओलांडून खालीं येते, आणि वडसा (देसाईगंज) येथें तिचें पात्र चांगलेंच रुंदावतें. अलीकडे गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा, पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यांतील ब्रह्मपुरी तालुका. १९८२ सालीं जुन्या चांदा जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हांपासून नदी हीच येथें जिल्ह्यांची सीमा आहे. पूर मात्र ही सीमा मानीत नाहीं. गोंदिया-चांदाफोर्ट लोहमार्गावरील हें ठाणें बाहेरच्या लोकांस दोन कारणांनीं ठाऊक असतें: एक धान, दुसरें नाटक. धान घरांत आलें कीं झाडीपट्टींत मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटकें चालतात. त्या नाटकमंडळ्यांचें वडसा हें मुख्य केंद्र. कोणत्या गांवानें नाटक ठरविलें आणि कोणत्या गांवानें यंदा नको म्हटलें, एवढें कळलें तरी त्या वर्षाच्या पिकाचा अदमास बांधतां येईल.

२०२० सालच्या ऑगस्टअखेर मध्यप्रदेशांत मुसळधार पाऊस झाला. तेथील संजय सरोवराचें पाणी खालीं आलें, आणि पवनी तालुक्यांतील गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी असा नदीकांठचा सारा पट्टा जलमय झाला. ब्रह्मपुरी तालुक्यांतील लाडज हें गांव तर नदीच्या पात्रांतच वसलेलें. त्याचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटला. अशा पुराचें एक वैशिष्ट्य ध्यानांत घेण्याजोगें आहे. पाऊस दुसऱ्याच्या शिवारांत पडतो आणि पीक आपलें बुडतें. आकाश निरभ्र असलें तरी पाणी बांधावर चढूं शकतें.

धान हें पाण्यांतलें पीक, मग त्यास पुराचें भय कसलें, असें शहरवासी वाचकांस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु पाण्यांत उभें राहणें वेगळें व पाण्याखालीं बुडणें वेगळें. शेंडा पाण्याबाहेर असेल तोंवर धानास चिंता नाहीं. सबंध रोप आठवडाभर गढूळ पाण्याखालीं राहिलें कीं सामान्य वाण कुजून जातो. शिवाय पूर कोणत्या महिन्यांत आला यालाही फार महत्त्व आहे. जुलईंत रोवणी चालू असतां बांध्या बुडाल्या, तर कोठून तरी पऱ्हे मिळवून पुन्हां रोवणी करितां येते. मग हातीं पैसा हवा तो त्याच आठवड्यांत. ऑगस्टअखेर पीक बुडालें, तर खरीप संपला. दुसरी रोवणी नाहीं. उरते ती जमिनींतील ओल, आणि त्या ओलीवर हरभरा, जवस, लाखोळी पेरण्याची आशा. या पेरणीसही बीं लागतें, नांगरटीस बैल किंवा ट्रॅक्टर लागतो, आणि ज्या घरांतील कोठी भिजून आंबली त्या घरास दिवाळीपर्यंत खावयास लागतें.

आतां सरकारी मदत म्हणजे नेमकें काय, हें पाहूं. अनेकांचा समज असा कीं, बुडालेल्या पिकाची ती भरपाई होय. तसें नाहीं. आपत्तिनिधीच्या नियमांत तिला निविष्टा-अनुदान असें म्हटलें आहे. म्हणजे गेल्या पिकाचें मोल नव्हे, पुढल्या पेरणीस हातभार. पिकाचें ३३ टक्के वा अधिक नुकसान झालें असेल तरच ती मिळते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या नियमांप्रमाणें जिरायत जमिनीस हेक्टरीं ८,५०० रुपये, बागायतीस १७,००० रुपये, आणि मर्यादा दोन हेक्टरांची. २०२२ च्या ऑगस्टांत राज्य सरकारनें जिरायतीसाठीं हेक्टरीं १३,६०० रुपये व मर्यादा तीन हेक्टर असा निर्णय केला होता. जुन्या संवयीप्रमाणें हिशेब फळ्यावर मांडूं. समजा, एका कुटुंबाची दोन एकर, म्हणजे ०.८१ हेक्टर, धानाची जमीन आहे. एकरीं पंधरा क्विंटल उत्पन्न धरलें तर तीस क्विंटल झालें. २०२२-२३ सालीं साधारण धानाचा आधारभाव क्विंटलास २,०४० रुपये होता. म्हणजे पीक ६१,२०० रुपयांचें. मदत मिळाली ती ११,०१६ रुपये. हें प्रमाण एक-पंचमांशाहूनही कमी पडतें.

मग एवढ्याशा रकमेनें काय होणार? पुष्कळ होतें, पण तें वेळेवर आली तर. ओल उडून जाण्यापूर्वीं हरभऱ्याचें बीं घरांत येतें. पडलेल्या भिंतीस तात्पुरतें कूड घालतां येतें. मुख्य म्हणजे सावकाराच्या ओसरीवर जावें लागत नाहीं. सवाईनें किंवा दिडीनें आणलेलें धान्य पुढल्या हंगामाच्या खळ्यावरूनच परत जातें, आणि एका वर्षाचा पूर तीन वर्षें घरांत राहतो. नियमांच्या कोष्टकांत ओढकामाच्या बैलास ३२,००० रुपये, दुभत्या गाई-म्हशीस ३७,५०० रुपये, घर वाहून गेलेल्यांस वस्त्रांसाठीं व भांड्यांसाठीं प्रत्येकीं २,५०० रुपये असेही आंकडे आहेत. शेतांत तीन इंचांहून अधिक रेती सांचली तर ती काढण्यास हेक्टरीं १८,००० रुपये. नदीकांठच्या बांधींत ही रेतीच मोठी वैरीण आहे; पीक एका हंगामाचें जातें, रेती उचलली नाहीं तर जमीनच जाते. २०२५ च्या ऑक्टोबरांत राज्य सरकारनें खरवडून गेलेल्या जमिनीस हेक्टरीं ४७,००० रुपये रोख आणि शिवाय रोजगार हमींतून तीन लाखांपर्यंतचें काम जाहीर केलें, त्याचें मर्म हेंच.

शेतकऱ्याच्या हातीं रोकड ठेवावी, ही कल्पना आजच्या अर्थशास्त्र्यांनीं प्रथम काढली असें मात्र नाहीं. कौटिल्यानें आपत्तींचा विचार करतांना दुर्भिक्षांत राजानें प्रजेस बीं व अन्न पुरवावें असें सांगितलें आहे. नदीकांठच्या ग्रामस्थांनीं पावसाळ्यांत कांठ सोडून राहावें, फळ्या-वेळू-नावा जवळ ठेवाव्या, आणि नाव असूनही वाहत्या माणसास जो वाचविणार नाहीं त्यास दंड करावा, एवढ्या तपशिलांत तो शिरतो. त्याहून आपल्या जवळचें उदाहरण शिवछत्रपतींचें. ५ सप्टेंबर १६७६ रोजीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास त्यांनीं जें पत्र पाठविलें, त्यांत गांवोगांव फिरून कुणब्यांची विचारपूस करावी, ज्याच्या अंगीं शेत करण्याची कुवत आहे पण बैल नाहींत त्यास बैलांसाठीं रोख पैसे द्यावे, पोटास दाणे द्यावे, आणि वसूल करावयाचें तें मुद्दलच, वाढीदिढी न करितां, त्याच्या ऐपतीप्रमाणें हळूहळू घ्यावें, असें बजावलें आहे. बैल विकत घेऊन वांटा असें त्या पत्रांत नाहीं, पैसे द्या असें आहे. बैल कोणता घ्यावा हें ज्यास नांगर धरावयाचा त्यासच अधिक कळतें, एवढा विश्वास त्यामागें होता. पुढें इंग्रजी अमदानींत १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं तगाई आली; ती व्याजी होती व वसुलीच्या तगाद्यानें बदनामही झाली.

रोख दिलें तर तें दारूंत जाईल, हा आक्षेप आपल्या मंडळींत वारंवार ऐकूं येतो, आणि तो बहुधा अशा घरांत ऐकूं येतो जेथें पगार दरमहा रोख मिळत असतो. जागतिक बँकेचे डेव्हिड इव्हान्स व ॲना पोपोव्हा यांनीं निरनिराळ्या देशांतील १९ अभ्यास एकत्र करून पाहिले. रोख मदतीनें दारू-तंबाखूवरील खर्च वाढल्याचें जवळजवळ कोठेंच आढळलें नाहीं; कांहीं ठिकाणीं तो घटला. (गडचिरोली जिल्ह्यांत तर १९९३ पासून दारूबंदी आहे, तिची अंमलबजावणी हा निराळा विषय.) याउलट पूरग्रस्तांस जुने कपडे पाठविण्याची आपली हौस पाहा. फाटक्या कपड्यांचे ढीग शाळांच्या ओट्यांवर पडून राहतात आणि ते हलविण्यासच पुन्हां माणसें लावावीं लागतात. ज्याचें बीं बुडालें त्यास तिसरें पांघरूण काय कामाचें? अर्थात् पाणी चढलेलें असतां रोकड निरुपयोगी, हेंही खरें. तेव्हां नाव हवी, शिजलेलें अन्न हवें, जनावरांस वैरण हवी. बाजार उघडल्यावर रुपयाचें राज्य सुरू होतें. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या महापुरांत ग्रामीण कुटुंबास १०,००० व शहरी कुटुंबास १५,००० रुपये ठरले, त्यांपैकीं पहिले ५,००० हातीं रोख देण्यांत आले व बाकी बँकेंत जमा झाले. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. भिजलेलें पासबुक शोधण्याच्या दिवसांत पहिली नोट हातावरच पडली पाहिजे.

शेतीच्या मदतीचा प्रवास मात्र लांबचा. तलाठी, कृषिसहायक व ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. तो तहसिलींत जातो, तेथून जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, मंत्रालय. मग शासननिर्णय, मग निधि, मग याद्या. अलीकडे याद्या संगणकावर चढतात, शेतकऱ्यास एक विशिष्ट क्रमांक मिळतो, सेवाकेंद्रांत जाऊन अंगठा उठवावा लागतो, आणि त्यानंतर पैसे थेट खात्यांत येतात. मधले हात यामुळें खरोखर कमी झाले, हें मान्य केलें पाहिजे. परंतु राबून राबून ज्याच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या त्याचा अंगठा यंत्र ओळखीत नाहीं, आणि हरभऱ्याची ओल कोणाच्या सहीसाठीं थांबत नाहीं. बांगलादेशांत २०२० च्या जुलईंत जागतिक अन्न कार्यक्रमानें यमुनाकांठच्या वीस हजारांहून अधिक कुटुंबांस, पुराचा अंदाज येतांच, पाणी शिगेस पोंचण्यापूर्वींच, प्रत्येकीं ४,५०० टका भ्रमणध्वनीवरून पाठविले. नंतरच्या पाहणींत, ज्यांस ही रक्कम मिळाली त्या घरांवर दिवसभर उपाशी राहण्याची पाळी कमी आली असें दिसलें. गोसीखुर्दचे दरवाजे उघडल्यावर पाणी वडशास पोंचावयास कांहीं तास लागतात. तेवढ्या अवधींत भोंगा वाजवितां येतो. तेवढ्याच अवधींत पहिला हप्ताही सोडतां येणें अशक्य दिसत नाहीं.

आतां जो भाग सांगावयाचा तो थेट आपल्या घरांचा आहे. मदत जमिनीच्या नांवावर मिळते, राबणाऱ्याच्या नांवावर नाहीं. सात-बाऱ्यावर चार भावांचीं नांवें. एक गांवीं राहून शेत कसतो, दुसरा नागपुरास, तिसरा पुण्यास, चौथा परदेशांत. अशा सामाईक खात्याची रक्कम एकाच्या खात्यांत यावयाची तर इतरांचें संमतिपत्र लागतें. तें न आल्यानें रक्कम अडकते, आणि अडकते ती नेमकी त्या भावाची, ज्याचें त्या पैशावांचून अडतें. आपण शहरांत बसून आठ हजारांपैकीं दोन हजारांवर हक्क सांगावा असें कोणास वाटत नसतें. केवळ आळसानें कागद राहून जातो. वहिनींचें नांव सात-बाऱ्यावर नसलें तर त्यांस विचारण्याचा प्रश्नच कोणी काढीत नाहीं, मग रोवणींत कंबर त्यांचीच मोडलेली कां असेना.

याहून अवघड गोष्ट ठेक्याची. विदर्भांत कुळकायदा १९५८ चा. त्याच्या धास्तीनें पुष्कळ मालक तोंडी बोलीवर जमीन ठेक्यानें देतात. कागद होत नाहीं. बीं ठेकेदाराचें, खत त्याचें, घाम त्याचा. पूर आल्यावर यादींत नांव मात्र मालकाचें. सरकारच्या दृष्टीनें ठेकेदार नाहींच, त्यामुळें पीक बुडाल्यावरही तो कोणाच्या मोजणींत येत नाहीं. शासननिर्णयांत बँकांनीं या रकमेंतून कर्जवसुली करूं नये अशी स्पष्ट आज्ञा असते. मालकानें ती स्वतःजवळ ठेवूं नये, अशी आज्ञा कोठेंच नाहीं. ठेक्याची पूर्ण रक्कम आगाऊ घेऊन वर मदतही खात्यांत जमा करून घेणारे मालक आपल्याच ओळखीचे असूं शकतात.

ज्या वाचकांची जमीन वैनगंगेच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही नदीच्या कांठीं आहे, त्यांनीं या पावसाळ्यापूर्वीं एक करावें. सात-बाऱ्यावर कोणाकोणाचीं नांवें आहेत तें पाहून संमतिपत्राचा नमुना तलाठ्याकडून मागवून घ्यावा. ठेक्यानें दिली असेल तर पुराची मदत आल्यास ती कसणाऱ्यास पोंचती होईल, एवढी एक ओळ लिहून दोघांनीं सह्या कराव्या. मृगापूर्वीं हें झालें म्हणजे पुरें. पंचनाम्याच्या दिवसांत कोणासच सवड नसते.