यंत्राआधी बाई
जबलपूरच्या डुमना विमानतळ रस्त्यावरच्या, २००५ साली सुरू झालेल्या ट्रिपल आयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या लांबलचक नावात माहिती तंत्रज्ञानाशेजारी ‘डिझाइन’ आणि ‘मॅन्युफॅक्चरिंग’ही आहे. हे शब्द शोभेचे नाहीत. याच भागात विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन्‌तास तेंदूची पानं कापते, दोऱ्याने विड्या बांधते. तिच्यासाठी साधन करायचं तर तिची बैठक, बोटांची पकड आणि मजुरीचा हिशेब आधी समजायला हवा. एकट्या संगणकवाल्याचं हे काम नव्हे. विषयांच्या अशा सरमिसळीत कुठल्याच विषयाला खोली येत नाही, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण नुसत्या खोलीतून घडलेलं यंत्र कोपऱ्यात धूळ खातं, खापर वापरणारीच्या ‘अडाणीपणा’वर फुटतं आणि ती पुन्हा जुनीच कात्री हाती घेते.