ग्रीन टीची वीस वर्षं आणि जालन्याचा कप

जालन्यात चहा म्हणजे दूध, साखर, ठेचलेलं आलं आणि दणकून उकळी. मोंढ्यातले हमाल असोत की एमआयडीसीतल्या रोलिंग मिलचे कामगार, या चहात फरक नाही. अशा गावात गेल्या पंधरा-वीस वर्षांत ग्रीन टी शिरला, तो चवीसाठी नव्हे. कुणाची शुगर वाढली, कुणाचं वजन, कुणाला बीपीची गोळी लागली, आणि डबा घरात आला. पुढे मोबाइलवर वाद सुरू झाला : जपानचा चांगला की चीनचा?

जपानच्या बाजूने सगळ्यात वजनदार पुरावा 2006 चा. मियागी प्रांतातल्या ओसाकी भागातल्या 40,530 प्रौढांवर अकरा वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं गेलं. दिवसाला पाच किंवा अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताचे मृत्यू कमी आढळले, स्त्रियांत हा फरक अधिक ठळक होता. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. ही दुसरी बाजू जाहिरातींनी आपल्यापर्यंत पोचू दिली नाही, याचा मला आजही राग येतो. 2020 मध्ये चीनमधल्या लाखभर लोकांच्या पाहणीतूनही तसंच चित्र आलं : आठवड्यातून तीनदा किंवा जास्त चहा घेणाऱ्यांत हृदयविकार कमी, आणि हा लाभ ग्रीन टीवाल्यांत अधिक. अर्थात अशा पाहण्यांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. चहा पिणारा माणूस चालतही जास्त असेल.

मग दोन्हींत फरक कुठे? तोडलेलं पान काळं पडू नये म्हणून जपानी लोक ते वाफवतात, चिनी बहुधा कढईत परततात. जपानी सेंचाची चव त्यामुळे हिरवट, चिनी लुंगजिंगची भाजल्यासारखी खमंग. गुणांचा मामला मात्र देशापेक्षा तोडीवर आणि झाडावर जास्त ठरतो. वसंतातल्या पहिल्या तोडीच्या महागड्या पानात थियानिन हे अमिनो आम्ल जास्त, म्हणून ते गोडसर लागतं. चहातल्या ज्या कॅटेचिन या घटकाचं एवढं कौतुक, ते उन्हाळी, स्वस्त पानात अधिक भरतं. माचाची गोष्ट वेगळी, तिथे पानाची पूडच पोटात जाते. म्हणजे 'जपानी' या शिक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात आरोग्याचा हिशेब बसत नाही. आपल्याकडच्या पिशव्यांत तर बरेचदा आसाम-निलगिरीचंच पान असतं.

करताना आपण सवयीने तो दुधाच्या चहासारखा खळखळवतो आणि मग कडू लागला म्हणून टाकून देतो. पाणी उकळून दोन-तीन मिनिटं निववावं, पान दीड-दोन मिनिटंच ठेवावं. बोअरच्या जड पाण्यात रंग आणि चव दोन्ही मरतात, हलकं पाणी बरं. वरून लिंबू पिळावं : 2007 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात प्रयोगशाळेत पचनाची नक्कल करून पाहिलं, तेव्हा लिंबूवर्गीय रसामुळे कॅटेचिन अधिक टिकलं. मोसंबीच्या जिल्ह्याला हे आवडावं.

माझ्या मते जालन्यातल्या माणसाला ग्रीन टीचा खरा लाभ यात आहे की दिवसातल्या चार-पाच गोड चहांपैकी दोन बिनसाखरेचे होतात. ग्रीन टीच्या कॅप्सूलच्या वाटेला मात्र जाऊ नये. दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (ग्रीन टीतलं एक कॅटेचिन) पूरक गोळ्यांतून घेतल्यास यकृताला धोका संभवतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं.

बायकांसाठी आणखी एक गोष्ट. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि चहा, हिरवा असो की काळा, भाजी-डाळीतलं लोह पुरतं अंगी लागू देत नाही. वजनासाठी जेवल्याजेवल्या ग्रीन टी घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती हिमोग्लोबिन कमी असणाऱ्यांनी सोडावी. जेवण आणि कप यांत तासाभराचं अंतर असावं, आणि लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच घेऊ नये.