गडद बैठक, उजळ भिंती

बारामती-इंदापूरकडच्या घरात नवा सोफा घ्यायचा विषय निघाला की एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं: रंग गडदच घ्या, मळखाऊ असतो. चॉकलेटी, मरून, काळपट निळा आणि अलीकडे करडा. या मताला इथल्या मातीचा आधार आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात चपलांना धरून उंबऱ्याच्या आत येते. गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्याची धूळ उठवत जातात. रात्रभर उसाला पाण्याची दारं धरून आलेला माणूस पाय झटकतो आणि हॉलमध्ये येऊन टेकतो. त्याला ‘तिथं बसू नका’ म्हणायची रीत या भागात नाही. मग सोसायचं ते बैठकीनं.

बैठक गडद, हे कायम राहिलं. बदलत गेलं ते तिच्याभोवतीचं सगळं: भिंती, जमीन, पडदे, दिवे. गेल्या पन्नासएक वर्षांतले हे बदल पाहताना मला सारखं जाणवतं की, गडद बैठकीभोवती खोली उजळ कशी ठेवायची याची समज इथल्या घरांना सोफा येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. मधल्या काळात ती आपल्या हातून सुटली.

1972 च्या दुष्काळाच्या सुमारास इंदापूर, पळसदेव, भिगवण या बाजूला माळवदाची घरं सर्रास दिसत. जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. खिडक्या लहान आणि मोजक्याच. दिवसाचा उजेड यायचा तो दारातून आणि माळवदाला ठेवलेल्या सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून. अशा घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या जागेत, पाहुणा आला की घोंगडी अंथरली जायची आणि ती बहुतेक वेळा काळी असायची. सुपे-मोरगावच्या जिरायती भागात धनगरांची मेंढरं होती, आजही आहेत. दख्खनी मेंढीची काळी लोकर मुळातच काळी, तिला रंग द्यावा लागत नाही. सनगर समाजाचे विणकर ती खड्ड्याच्या मागावर विणत, ताण्याला चिंचोक्याची खळ देत. त्यामुळे नवी घोंगडी ताठ आणि टोचरी असायची, वापरता वापरता अंगवळणी पडायची.

आता त्या काळ्या बैठकीभोवती काय होतं ते पाहा. भिंतींना चुना, त्यात थोडी नीळ. दसरा-दिवाळीच्या आधी घरातल्या बायका तो नव्यानं लावायच्या. ताज्या चुन्याची भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला पाऊण भाग तरी परत फेकते, काळी लोकर मात्र जवळजवळ सगळा गिळते. सवण्यातून आलेला कवडसा भिंतीवर पडायचा आणि तिथून सोपाभर पसरायचा. खाली शेणानं सारवलेली जमीन, ना पांढरी ना काळी, मधल्या छटेची. तिच्यावर काळी घोंगडी उठून दिसायची, पण डोळ्यांना खुपायची नाही. कोनाड्यात घासून लख्ख केलेली पितळेची समई, उंबऱ्यावर रांगोळी. गडद, मध्यम, उजळ आणि मधे एखादा चमकता ठिपका, अशी ती मांडणी होती. कुणी शिकवलेली नव्हती. कमी उजेडाच्या घरात पिढ्यानपिढ्या राहून ती अंगी मुरली होती.

खंडोबाच्या आणि बिरोबाच्या कार्यात घोंगडी अंथरतात आणि तिच्यावर भंडारा वाहतात. काळ्या लोकरीवर हळदीचा पिवळा. रंगांची इतकी नेमकी जोडी मला फर्निचरच्या कुठल्याही पुस्तिकेत सापडली नाही. गडद सोफ्यावर कसल्या रंगाच्या उशा ठेवाव्यात असं कुणी विचारलं की मी हाच रंग सांगतो. चकाकणारा लिंबू पिवळा नव्हे, हळदीकडे झुकलेला, थोडा मातकट.

खुर्ची आणि कोच या भागात आले ते पाण्यामागून. नीरा डावा कालवा 1880 च्या दशकातला. वालचंद हिराचंद यांनी 1930 च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळच्या माळावर साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसलं. 1950 च्या दशकात माळेगाव आणि भवानीनगरचे सहकारी कारखाने आले, मागून सोमेश्वर. उसाचं बिल हाती येऊ लागलं तशी घरात आधी लोखंडी घडीची खुर्ची आली, मग वेताची, मग सोलापुरी चादर घातलेली कॉट. या वस्तूंनी सोप्याचा रंग फारसा बदलला नाही. भिंत चुन्याचीच होती.

खोलीच बदलली ती उजनीनं. धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि भीमाकाठची गावं उठली. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात जलाशय फार खाली गेला की ते आजही वर येतं. उठलेल्या गावांतल्या अनेकांनी तुळया, दारं, चौकटी काढून सोबत आणल्या, पण नवं घर बांधलं ते विटा-सिमेंटचं, पत्र्याचं किंवा स्लॅबचं. त्याला समोर वेगळी खोली होती आणि तिला मोठ्या खिडक्या होत्या. वरून झिरपणारा उजेड आता बाजूनं, थेट यायला लागला. पश्चिमेला खिडकी असेल तर चैत्र-वैशाखात दुपारी तीनपासून ऊन बैठकीवर. ज्यांचं गाव बुडालं नाही त्यांनीही पुढं तशीच घरं बांधली. गडद बैठकीला एवढ्या उजेडाची सवय नव्हती, आणि त्या उजेडाचं काय करायचं हे आपल्यालाही ठाऊक नव्हतं.

मग टीव्ही आला. 1982 मध्ये दूरदर्शन रंगीत झालं, जानेवारी 1987 मध्ये ‘रामायण’ सुरू झालं. जुन्या सोप्यात बसणाऱ्यांची तोंडं दाराकडे असत, येणाऱ्याकडे. आता ती एका भिंतीकडे वळली आणि समोरच्या भिंतीला लागून सोफा सेट बसला: एक तिघांचा, दोन एकेकट्याचे, मधे टीपॉय. वर रेक्झिन, गडद तपकिरी किंवा मरून. उन्हाळ्यात ते अंगाला चिकटायचं, हिवाळ्यात गार लागायचं, पण ओल्या फडक्यानं पुसता यायचं आणि घरच्यांना ते पुरे होतं.

या सोफ्यांविषयी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. त्यातले कितीतरी लग्नात आले. कपाट, पलंग, सोफा असं टेम्पोत भरून मुलीच्या घरून यायचं. दुकानात रंग निवडायला वडील जायचे, मामा जायचे, कधी मुलाकडचा एखादा जाणता. जिला त्या सोफ्याभोवती संसार मांडायचा होता, तिला बहुधा कुणी विचारलेलं नसायचं. मरून सोफा तिच्या पुढ्यात येऊन पडायचा आणि तिथून तिचं काम सुरू व्हायचं. ती क्रोशाचे पांढरे रुमाल विणायची, पाठीवर तीन, हातांवर दोन. डोक्याच्या तेलाचे डाग त्यावर पडावेत, सोफ्यावर नकोत, आणि आठवड्याला काढून धुता यावेत. टीपॉयला भरतकामाचा रुमाल, दाराला काचेच्या नळ्यांचं तोरण, भिंतीवर मॅटीवर भरलेला मोर. गडद रेक्झिनवर तो पांढरा दोरा जे काम करत होता, तेच काम जुन्या सोप्यात चुन्याची भिंत करत होती. एवढी नजर आणि एवढे तास त्यात गेले, पण या कामाला गृहसजावट म्हणून कुणी मोजलं नाही, याचं मला वाईट वाटतं. पुढं नवे सोफे आले तेव्हा हे रुमाल सगळ्यात आधी बोचक्यात गेले.

नव्वदनंतर बारामतीचा चेहरा झपाट्यानं पालटला. एमआयडीसीत कारखाने आले, पियाजिओच्या तीनचाकी इथं तयार होऊ लागल्या, भिगवणला कागदाचा कारखाना होताच. विद्या प्रतिष्ठानच्या महाविद्यालयांमुळे बाहेरगावची मुलं आणि शिक्षक आले. भिगवण रस्त्याला बंगले, रो-हाऊस, अपार्टमेंट. आणि प्रत्येकात हॉल.

गडद सोफ्यासाठी हा काळ वाईट गेला, असं माझं स्पष्ट मत आहे. या हॉलची एक ठरलेली सजावट तयार झाली. खाली पांढरी चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. वर पीओपीचं छत, त्यात निळे-गुलाबी दिवे. टीव्हीमागची भिंत जांभळी किंवा वाइन रंगाची, टेक्स्चर मारलेली. पडदे जाड आणि मरून, सोफ्याला मॅचिंग म्हणून. टीव्हीचं युनिट गडद प्लायचं. आता उजेडाचा हिशेब करून पाहा. सोफा, भिंत, पडदा आणि युनिट, चौघंही उजेड गिळणारे. परत फेकणारी एकटी फरशी, तीही खालून वर, म्हणजे माणसाच्या हनुवटीवर. छताला ट्यूबलाइटचा निळसर पांढरा उजेड, 6500 केल्व्हिनच्या घरातला, ज्यात तपकिरी रंग राखेचा वाटायला लागतो. ऊन लागू नये म्हणून पडदे दिवसाही ओढलेले. अशा हॉलमध्ये बसलं की गुदमरल्यासारखं व्हायचं आणि घरचे म्हणायचे, सोफ्याचा रंग चुकला. दोष सोफ्याचा नव्हता. जुन्या सोप्यात काळं एकटं होतं, त्याच्याभोवती सगळं उजळ होतं. इथं काळ्याला काळ्याचीच सोबत मिळाली.

मळखाऊपणाचंही या काळात नीट कळून आलं. गडद रंग चिखल लपवतो, तेलाचा हात लपवतो, चहाचा ओघळही लपवतो. धूळ मात्र तो अजिबात लपवत नाही. मार्च ते मे दरम्यान सकाळी पुसलेल्या गुळगुळीत काळ्या रेक्झिनवर दुपारपर्यंत फिकट थर दिसतो आणि त्यात कुणाची बोटं उमटली तेही. मांजर असेल तर केसही दिसतात. उन्हानं गडद कापड विटतं ते आधी हातांवर आणि पाठीच्या कडेवर, आणि फिकट कापडाच्या मानानं गडद कापडावर ते विटणं जास्त जाणवतं. म्हणून तपकिरी, करडा, गडद हिरवा असा रंग घ्यावा, पण कापड विणीचं, थोडं खरबरीत, एकाच रंगाच्या दोन छटा असलेलं. ते माती आणि धूळ दोन्ही सोसतं. पश्चिमेच्या खिडकीजवळ सोफा असेल तर तो एक हात आत सरकवावा आणि जाड पडद्याऐवजी मांजरपाटासारखा पांढरट, पातळ पडदा लावावा. ऊन अडतं, उजेड अडत नाही.

गेल्या दहा-एक वर्षांत वारं पुन्हा फिरलं आहे आणि ते पाहून मला मनापासून बरं वाटतं. जांभळ्या भिंती मोडीत निघाल्या. नवे रंग साय, तांदूळ, फिकट मातीच्या जातीचे आहेत. ते भगभगीत पांढऱ्यापेक्षा गडद सोफ्याला जास्त मानवतात, कारण काळ्याशेजारी शुभ्र ठेवलं की मधली पायरी राहत नाही आणि सोफा भिंतीवर चिकटवल्यासारखा दिसतो. छताच्या ट्यूबऐवजी सोफ्याच्या कडेला 2700 ते 3000 केल्व्हिनचा पिवळसर दिवा आला, आणि चॉकलेटी रंग पहिल्यांदाच चॉकलेटी दिसला. चकचकीत फरशीवर सुती सतरंजी आली. तिनं पूर्वीच्या सारवलेल्या जमिनीची जागा घेतली, म्हणजे मधल्या छटेची. आईच्या, आजीच्या लुगड्यांची गोधडी सोफ्याच्या एका हातावर घडी घालून ठेवलेली दिसते. पितळेचा हंडा माळ्यावरून खाली उतरून कोपऱ्यात मनीप्लँटला मिळाला. पांढरे क्रोशाचे रुमालही काही घरांत बोचक्यातून परत आले आहेत आणि ते विणणाऱ्या हातांना आता कौतुक ऐकायला मिळतं.

या भागातल्या हॉलला आणखी एक अट आहे, जी शहरातल्या सजावटकाराला सांगून पटत नाही. आषाढी वारी. तुकाराम महाराजांची पालखी उंडवडीवरून बारामतीत येते. पुढं काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीवरून ती अकलूजला जाते. वाटेवरच्या गावांत हॉल त्या दिवसांपुरता घरमालकाचा राहत नाही. दिंडीतली माणसं तिथं जेवतात, पाठ टेकतात, ओल्या पडशा भिंतीला लावतात. जुना सोफा सेट दोघं उचलून पडवीत नेत, टीपॉय पलंगाखाली सरके आणि जमीन मोकळी होई. अलीकडचा कोपऱ्यात बसवलेला एल आकाराचा सोफा हलत नाही. तो जितका मोठा, तितके वारकरी कमी टेकतात. काचेचा टीपॉय, जमिनीवरची उंच फुलदाणी, फरशीपर्यंत लोळणारे पडदे हे सगळं त्या दिवशी आड येतं.

त्यामुळे पालखीच्या वाटेवरच्या घरांना मी सुट्या भागांचा सोफा सुचवतो, ज्याचे दोन-तीन तुकडे दोन माणसांना उचलता येतील आणि ज्याच्या गादीची खोळ चेन उघडून काढता, धुता येईल. उशांच्या खोळीही तशाच, जाड सुती. निमगाव केतकीजवळच्या एका घरानं यंदा उसाच्या दिवाळीच्या बिलावर असा सोफा करून घेतला. बाईंनी सुताराला आधी दाराची चौकट मोजायला लावली, मग पडवीची लांबी, आणि कापडाचे नमुने सगळ्यात शेवटी उन्हात नेऊन पाहिले. त्यांनी निवडला तो गडद हिरवा.