मेम्फिस: संगीत, बार्बेक्यू आणि सफाई कामगारांचा लढा

अमेरिकेत शिकायला आणि नोकरीला गेलेल्या आपल्या तरुणांची संख्या वाढते आहे. सुट्टी मिळाली की न्यूयॉर्क, नायगारा, लास व्हेगास ही नावे आधी निघतात. टेनेसी राज्यातले मेम्फिस या यादीत फारसे नसते. मिसिसिपी नदीकाठचे हे शहर ब्लूज व सोल संगीतासाठी आणि धुरावर शिजवलेल्या बार्बेक्यूसाठी जगभर प्रसिद्ध आहे. याच शहरात ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ते तिथे सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले होते.

पर्यटनाच्या जाहिरातीत संगीत, जेवण आणि इतिहास असे तीन वेगळे कप्पे असतात. प्रत्यक्षात तिन्ही गोष्टी एकाच समाजाच्या श्रमातून उभ्या राहिल्या आहेत. हे समजून घेतले तर मेम्फिसची सुट्टी केवळ मौजेची राहत नाही.

बील स्ट्रीट: गाण्याआधीचा इतिहास

आज बील स्ट्रीटवर रात्री दिव्यांचा झगमगाट आणि बारमधून ऐकू येणारे ब्लूज असते. एकेकाळी हा कृष्णवर्णीयांचा स्वतःचा बाजार होता. दुकाने, वर्तमानपत्रे, वकिलांची कार्यालये, नाटकगृहे असे सगळे इथे होते. गुलामीत जन्मलेल्या रॉबर्ट चर्च यांनी १८७८ च्या पीतज्वराच्या साथीनंतर शहरातील जमिनी विकत घेतल्या आणि १८९९ मध्ये इथे कृष्णवर्णीयांसाठी बाग व सभागृह उभारले. कारण शहरातील सार्वजनिक बागा त्यांच्यासाठी खुल्या नव्हत्या.

याच भागात आयडा बी. वेल्स यांचे वर्तमानपत्र होते. १८९२ मध्ये किराणा दुकान चालवणाऱ्या त्यांच्या एका मित्राला आणि त्याच्या दोन साथीदारांना गोऱ्या जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार मारले. ते दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराला स्पर्धा करत होते, हे त्यामागचे खरे कारण होते. वेल्स यांनी ते निर्भीडपणे लिहिले, तेव्हा त्यांचा छापखाना उद्ध्वस्त करण्यात आला. त्यांना मेम्फिसमध्ये परतता आले नाही, पण झुंडबळींविरुद्धची त्यांची लेखणी थांबली नाही. २०२१ मध्ये बील स्ट्रीटजवळ त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, गुलामांचा व्यापारी आणि कू क्लक्स क्लॅनचा म्होरक्या नेथन बेडफर्ड फॉरेस्ट याचा पुतळा शहरातून हटवण्यात आला होता. कोणाचा पुतळा उतरतो आणि कोणाचा उभा राहतो, याचा अर्थ आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

गाणे कोणाचे, पैसा कोणाचा?

मेम्फिसला येणारे बहुतेक पर्यटक एल्व्हिस प्रेस्लीचे घर ग्रेसलँड पाहतात. त्यात गैर काही नाही. पण १९५४ मध्ये सन स्टुडिओत एल्व्हिसने गायलेले पहिले गाजलेले गाणे मुळात आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे होते. क्रुडप यांना आपल्या गाण्यांचे हक्काचे पैसे हयातीत नीट मिळाले नाहीत.

म्हणून ग्रेसलँडसोबत स्टॅक्स संग्रहालयही पाहावे. दक्षिण मेम्फिसमधील एका जुन्या चित्रपटगृहात ही रेकॉर्ड कंपनी चालत असे. ओटिस रेडिंग, आयझॅक हेज यांच्यासारखे कलाकार इथूनच पुढे आले. बाहेर शहरात वंशभेद असताना आत कृष्णवर्णीय आणि गोरे वादक एकत्र बसून संगीत करत होते. १९७५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि १९८९ मध्ये मूळ इमारत पाडली गेली. २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय सुरू झाले. शेजारच्या संगीत अकादमीत स्थानिक मुले शिकतात.

बार्बेक्यूमागचे हात

मेम्फिसचे बार्बेक्यू मुख्यतः डुकराच्या मांसाचे. हिकरीच्या लाकडाच्या मंद धुरावर ते अनेक तास शिजवतात. बरगड्या दोन प्रकारे मिळतात: मसाल्याची कोरडी पूड चोळलेल्या किंवा सॉस लावलेल्या. मांसाचे धागे करून, वर कोबीची कोशिंबीर घालून पावातही देतात. डुकराचे मांस न खाणाऱ्यांना चिकन मिळते.

अमेरिकेच्या दक्षिणेत मळ्यांवरच्या मोठ्या मेजवान्यांसाठी खड्डे खणणे, लाकूड जाळणे आणि रात्रभर जागून मांस शिजवणे ही कामे गुलाम करत. हे कौशल्य त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. म्हणून जेवायला जाताना कृष्णवर्णीय कुटुंबांनी चालवलेली ठिकाणे शोधावीत. कोझी कॉर्नर हे त्यातले एक. स्टॅक्सजवळचे फोर वे हे जुने उपाहारगृहही आवर्जून पाहावे. डॉ. किंग तिथे जेवत असत.

१९६८: सफाई कामगारांचा संप

१ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून बचाव करण्यासाठी एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचरागाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. जवळपास सर्वच कृष्णवर्णीय होते. मजुरी इतकी कमी होती की पूर्णवेळ काम करूनही काहींना सरकारी अन्नमदत घ्यावी लागे. त्यांच्या हातातील फलकांवर एकच वाक्य होते: मी माणूस आहे.

२८ मार्चच्या मोर्चाच्या दिवशी लॅरी पेन हा सोळा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने मारला गेला. ३ एप्रिलला डॉ. किंग यांनी मेसन टेंपलमध्ये शेवटचे भाषण केले. दुसऱ्या दिवशी लॉरेन मोटेलच्या ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेर त्यांच्यावर गोळी झाडली गेली. १६ एप्रिलला संप मिटला. शहराला युनियनला मान्यता द्यावी लागली आणि मजुरी वाढवावी लागली. तरीही हे कामगार शहराच्या निवृत्तिवेतनापासून वंचितच राहिले. २०१७ मध्ये, जवळपास पन्नास वर्षांनी, हयात असलेल्या संपकऱ्यांना शहराने अनुदान जाहीर केले.

लॉरेन मोटेलमध्ये १९९१ पासून राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय आहे. ते मोटेलमधून बाहेर काढल्या गेलेल्या शेवटच्या रहिवासी महिलेने समोरच्या रस्त्यावर अनेक वर्षे धरणे धरले. स्मारकावरचा पैसा गरिबांच्या घरांवर खर्च व्हावा, हे तिचे म्हणणे. या प्रश्नापाशीही दोन मिनिटे थांबावे. संपाचे मोर्चे क्लेबर्न टेंपल या चर्चमधून निघत. ती ऐतिहासिक वास्तू एप्रिल २०२५ मधील आगीत बेचिराख झाली. शेजारच्या चौकात संपकऱ्यांची नावे कोरलेली भिंत आहे.

आपला संबंध काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची चौकशी केली होती. डॉ. किंग १९५९ मध्ये भारतात आले. केरळमधील एका शाळेत त्यांची ओळख अमेरिकेतील अस्पृश्य म्हणून करून देण्यात आली. आधी धक्का बसला, मग ते खरेच आहे हे पटले, असे त्यांनी पुढे १९६५ मधील प्रवचनात सांगितले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावच ब्लॅक पँथरवरून आले. आणि हाताने मैला साफ करण्यावर बंदी आणणारा २०१३ चा कायदा असूनही आपल्याकडे गटारात कामगार मरतातच. कोल आणि वॉकर यांचे मरण म्हणूनच आपल्याला परके वाटत नाही.

जाण्याआधी

तीन दिवस पुरेसे होतात. उन्हाळा कडक असतो, म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा. नागरी हक्क संग्रहालयासाठी किमान तीन तास ठेवावेत. ते मंगळवारी बंद असते, तरी वेळ आधी तपासावी. स्टॅक्स आणि ग्रेसलँड शहराच्या मध्यभागापासून दूर आहेत, त्यामुळे गाडी लागते. रात्री उशिरा अनोळखी भागात पायी फिरू नये.

गाणी ऐकावीत, बार्बेक्यू खावे, नदीकाठी निवांत बसावे. फक्त पहिला दिवस लॉरेन मोटेल आणि त्या नावांच्या भिंतीसाठी ठेवावा. त्यानंतर बील स्ट्रीटवरचे ब्लूज वेगळे ऐकू येते.